भात येईपर्यंत

मागे एकदा दादरला एका परिसंवादाला जाऊन बसले होते. विषय लघुकथेचा. व्यासपीठावरच्या एका प्राध्यापकांनी शाल सावरत सांगितलं की कसबी, चतुर, शेवटी गिरकी घेणारी कथा डोक्याला गुदगुल्या करते, पण काळजापर्यंत तिची पोच नसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. साहेब, गोष्टीपायी माणसाचा डोळा गेलेला तुम्ही पाहिलाय का, असं विचारायला मी उठलेसुद्धा. पण माईक माझ्या रांगेपर्यंत आला नाही आणि चहाची वेळ झाली. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

दौलत आमच्या गावचा, कुडाळच्या बाजूचा. परळच्या एका गिरणीत साळखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर होता. साळखातं म्हणजे जिथे कापड विणतात ते खातं. तिथे धोटा साच्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत असतो. हातभर लांबीचं लाकूड, दोन्ही टोकांना पोलादाची अणी. कधी तो साच्यातून सुटतो आणि समोर जे येईल त्यात घुसतो. दौलतच्या तोंडात घुसला होता. वरचा ओठ फाटला, पुढचे दात गेले. तेव्हापासून बोलताना त्याच्या तोंडातून वारा सुटायचा आणि त्याची गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून माणसं आपोआप गप्प व्हायची. देवाने घेताना काहीतरी दिलं म्हणायचं, पण मी तसं म्हणत नाही. मला त्या वरच्याचा राग आहे.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर आईची खानावळ होती. आईचं नाव मालन. माझे वडील गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेले. त्यांना चादरीत बांधून आणलं होतं आणि आईला ती गाठ सोडू दिली नव्हती. तिच्या पदरात मी, कमल, आणि समोर चूल. तिने गावच्या माणसांना जेवू घालायला सुरुवात केली. वाढायला मी. पंगतीत वाकून वाढणाऱ्या बाईला जेवढं दिसतं तेवढं कुणालाच दिसत नाही.

आमच्याकडे एका वेळी एकच पंगत मावायची आणि दुसरी गॅलरीत उभी असायची. गप्पांत रमलेली माणसं ताटावरून हलत नसत. आईने त्यावर दौलतचा उपाय काढला. भाकरी ताटात पडली की दौलतने गोष्ट सुरू करायची आणि भात संपेपर्यंत संपवायची. गोष्ट संपली की उठायचं, पाट मोकळा करायचा. भाकरीबरोबर गाठ मारायची, भाताबरोबर ती सोडवायची. एवढ्याशा वेळात गोष्ट बसवायची म्हणजे एक शब्द जास्तीचा परवडत नाही. दौलत साच्यापुढे उभा राहून दिवसभर ती मनात घोळवायचा. साळखात्यात एवढा खडखडाट असतो की माणसाला स्वतःशीच बोलावं लागतं.

त्याच्या गोष्टींत खून फार. एक सांगते. सावकाराचा मारेकरी एका घरी घरधन्याला मारायला जातो. घरात गर्दी. कुणीतरी त्याचा हात धरून त्याला पाटावर बसवतं. तो विचार करतो, जेवून घेऊ, मग काम उरकू. पोटभर खातो, खीर मागून घेतो. हात धुताना शेजारच्याला हळूच विचारतो, घरधनी कुठेत? शेजारचा म्हणतो, त्याच्याच बाराव्याचं जेवलास की. यावर आमची पंगत हसून हसून लोळली. दुसरी एक गोष्ट धोटा साच्यातून सुटल्यापासून माणसाच्या तोंडावर आदळेपर्यंत चालायची. तेवढ्या वेळात माणसाला काय काय आठवतं, तेवढंच. ती त्याची स्वतःची गोष्ट होती. तीसुद्धा माणसांनी वाहवा करत ऐकली आणि वर आमटी मागितली.

आईचं मत ठरलेलं होतं. चुलीपाशी बसून ती म्हणायची, "दौलता, तुझ्या गोष्टीत मानसां मरतत आणि हंयसर एकाचोय घास अडकणा नाय."

"घास अडाकलो तर पंगत उठतली कशी, वयनी?" दौलत हसून म्हणायचा. पण त्याला ते लागायचं. मला ठाऊक होतं, कारण जेवण झाल्यावर भांडी विसळायला मदत करताना तो मला विचारायचा, "कमळे, आज कोणाचो हात थांबललो काय गो?" मी नाही म्हणायची. तो मान हलवायचा आणि भांडं पुन्हा घासायचा. एकदा तरी कुणाचा घास हातात राहावा, एवढंच त्या माणसाला आयुष्यात हवं होतं. लग्न त्याने केलं नाही. घर कधी बांधलं नाही.

पंगतीत सगळ्यात चोखंदळ कान रघुचा. तोही साळखात्यातलाच, अंगाने आडवा, डोक्याने तल्लख. भात यायच्या आत शेवट ओळखायचा ही त्याची पैज असायची, आणि ओळखला की दौलतच्या पाठीत अशी थाप घालायचा की दौलत खोकायचा. त्याचा धाकटा भाऊ वसंत नुकताच गावाहून आला होता, बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्याच्या जागी, लागला होता. तो रघुच्या उजव्या हाताला बसायचा. त्याला शेवट कधीच ओळखता आला नाही, आणि तो दर वेळी नव्याने हसायचा.

आणखी एक जण यायचा, सुट्टीच्या दिवशी. रामदास. तोही गावचाच, पण पोलिसात शिपाई. बायको गावी, राहायला नायगावच्या लाइनीत. आमच्याकडे येताना पिवळी टोपी काढून पिशवीत घालायचा. कुणाला त्याचं वावडं नव्हतं. गिरणी काय, पोलिस काय, दोन्ही नोकऱ्या पोटासाठी आणि दोन्हींकडे गावातल्या एकेकाची भरती, अशीच तेव्हा समजूत होती. पंचावन्नच्या नोव्हेंबरात फोर्टमध्ये मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हापासून मात्र त्याच्या शेजारचा पाट जरा सरकायला लागला.

मग जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि लालबाग-परळ पेटलं. मी पेटलं म्हणते ते उगीच नाही. रस्त्यात टायर जळत होते, ट्रामचे खांब वाकवले होते, फरसबंदीचे दगड पोरांनी उपटून काढले होते. त्या दगडांनी पोलिसांची डोकी फुटत होती आणि समोरून गोळ्या येत होत्या. अश्रुधुराने चुलीपाशीसुद्धा डोळे उघडेनात. वरच्या मजल्यावरून बायका पोलिसांवर कढत पाणी ओतत होत्या. मीही ओतलं. एका शिपायाच्या मानेवर पडलं आणि तो ओरडत पळाला. मला तेव्हा बरं वाटलं, आणि आजही मी ते नाकारणार नाही.

वसंत रस्त्यावर उतरलाच नव्हता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तो दोरीवरचा सदरा काढत होता. गोळी कठड्याच्या दोन लाकडांमधून आली आणि त्याच्या गळ्यात शिरली. त्याने सदरा दोन्ही हातांनी गळ्यावर दाबला. मला वाटलं तो तोंड पुसतोय. मग तो बसला, आणि रक्त गॅलरीच्या उतारावरून मोरीकडे वाहायला लागलं. रघु खोलीतून बाहेर आला. भावाच्या गळ्यावर त्याने हात ठेवला तेव्हा बोटांच्या फटींतून उमाळे फुटत होते. वसंतने त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण आवाज गळ्यातल्या भोकातूनच गेला.

रघु रडला नाही. वसंतला जाळून आल्यावरही नाही. तो नुसता दातओठ खात बसायचा. बायका म्हणत, ह्याला रडवा, नाहीतर हा कुणाचा तरी जीव घेईल.

संचारबंदी दुपारपुरती उठवली त्या दिवशी आईने खानावळ उघडली. पहिली पंगत बसत होती तोच दारात रामदास उभा. अंगावर लेंगा-सदरा, हातात काही नाही. वसंतचं कळलं म्हणून आला होता. गावचं पोर गेलं आणि आपण तोंड दाखवलं नाही असं होऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता त्याला गाढव म्हणायचं की माणूस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जगदीश म्हणून एक तापट माणूस होता, तो अर्धा उठला. आईने हातातली पळी उगारून त्याला बसवलं.

"माझ्या दारात इल्लो उपाशी जावचो नाय," ती म्हणाली. "रामदास, बस."

रामदास बसला तो नेमका रघुच्या समोर, कारण तेवढाच पाट रिकामा होता. मी ताटं मांडत रघुजवळ वाकले आणि मला त्याच्या सदऱ्याखाली कमरेला खोचलेला धोटा दिसला. पोलादाच्या अणीने सदरा पोटाशी वर उचलला होता.

मी चुलीपाशी गेले आणि दौलतच्या कानात सांगितलं. तो भाकऱ्या मोजत होता, थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रामदासाक भात आधी वाढ. रघूक सगळ्यांच्या मागसून. तवसर मी रघूक हलूक देवचंय नाय."

मला लगेच कळलं. गोष्टीचा शेवट ऐकल्याशिवाय रघु पाटावरून उठत नसे, ही त्याची जन्माची खोड. म्हणजे अशी गाठ मारायची की रघुला सुटू नये आणि सोडवल्यावाचून राहवू नये. तोवर रामदासने भरभर जेवावं, हात धुवावे आणि निघून जावं. एका माणसाचा जीव एका गोष्टीवर टांगला होता आणि ती गोष्ट दौलतने अजून रचलीसुद्धा नव्हती. निदान मला तसं वाटलं.

भाकरी पडली. दौलत पंगतीच्या टोकाला उकिडवा बसला आणि त्याने सुरुवात केली.

एका चाळीत एक बाई. तिला दोन मुलगे. एक गिरणीत, एक पोलिसात. थोरला कुठे आणि धाकटा कुठे ते त्याने सांगितलं नाही. सकाळी दोघेही बाहेर पडले. एकाच्या हातात दिलेलं हत्यार होतं, एकाच्या हातात उचललेलं. आईने दोघांना दही दिलं आणि दोघांनाही एकच सांगितलं, सांभाळून.

रघुच्या भुवया जवळ आल्या. मी रामदासच्या ताटात भात वाढला, वर कढी ओतली. तो खाली मान घालून जेवत होता. जेव, जेव, मी मनात म्हणत होते.

दिवसभर खाली मारामारी चालली, दौलत सांगत होता. संध्याकाळी हुकूम आला की कुणी दिवे लावायचे नाहीत, उजेड दिसेल तिथे गोळी बसेल. बाईने दिवा फुंकला. अंधारात दोन ताटं मांडली. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, तुमच्यातला एक पडला गो. कुठला ते सांगायच्या आत ओरडणारा पळाला. मग जिन्यावर पावलं वाजली. एकाचीच. दार ढकललं गेलं, बंद झालं. आत आलेला काही बोलला नाही. त्याचा श्वास दोघांपैकी कुणाचाही असावा असा होता, कारण रडून आलेल्या माणसाचा श्वास सारखाच असतो. त्याची बाही ओली होती. स्वतःच्या रक्ताने की भावाच्या, ते त्यालाही माहीत नव्हतं. तो एका ताटावर बसला.

"कुठल्या ताटार? थोरल्याच्या काय धाकट्याच्या?" रघुने विचारलं. वसंत गेल्यापासून तो पहिल्यांदा बोलला होता. त्याचा हात कमरेवरून सुटून गुडघ्यावर आला होता.

"काळोखात तिनाच मांडलली ताटां. तिकाव म्हायत नाय," दौलत म्हणाला. "भात येवंदे, सांगतंय."

रघु विचारात पडला. मी त्याच्या डोळ्यांत ते बघितलं. तो वाक्यं मागे-पुढे करून बघत होता, कुठे एखादा शब्द सापडतोय का, ज्यावरून कळेल. सापडणार नव्हता. दौलतने प्रत्येक वाक्य दोघांनाही बसेल असं शिवलं होतं. डाव जमत होता. आता रामदासने चार घास खायचे आणि उठायचं.

बाईने भात वाढला, दौलत पुढे म्हणाला. वाढताना तिचा हात त्या माणसाच्या गालाजवळून गेला. दाढी चाचपली असती तर कळलं असतं. कानामागची खूण चाचपली असती तर कळलं असतं. तिने हात मागे घेतला. हात लावला की कळेल, म्हणून तिने आपल्या पोराला हात लावला नाही.

मी रामदासकडे पाहिलं. भाताचा घास त्याच्या हातात होता. ताट आणि तोंड यांच्या मध्ये तो हात तसाच थांबला होता. कढी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली तरी त्याला कळलं नाही. त्याचे डोळे भरले होते आणि पाणी नाकाच्या शेंड्यावरून ताटात पडत होतं.

दौलतनेही ते पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी घास थांबला होता, आणि दौलतचा चेहरा पांढरा पडला. तो घाईघाईने म्हणाला, "जेव रे रामदास, भात निवता."

पण आमच्या खानावळीत दौलतच्या गोष्टीला कुणी कधी रडलं नव्हतं. दौलतची गोष्ट म्हणजे हसायची, सोडवायची, पुढच्याच्या मांडीवर थाप मारायची. तिला कुणी रडतं, हे त्या माणसांच्या कल्पनेतच नव्हतं. मग रडणारा पोलिस दुसऱ्या कशाला रडत असेल? जगदीश उठून उभा राहिला. त्याने रामदासकडे बोट केलं.

"बघा, रडता तो. ह्येणांच मारल्यान वसंताक. मन खाता त्येचा."

रघुने मान वर केली. गोष्ट त्याच्या तोंडावरून पुसली गेली. रामदास नाही-नाही म्हणत होता की तोंडातला घास गिळत होता, ते कळलं नाही. रघु ताटावरून झेपावला आणि त्याने धोटा मुठीत धरून त्याच्या तोंडावर मारला. पहिला घाव गालाच्या हाडावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्याने अणी डोळ्यात गेली. रामदास गुडघ्यांवर आला आणि त्याचे हात ताटात पडले. भात लाल झाला. जगदीशने त्याचे केस धरले, आणखी दोघांनी लाथा घातल्या. ज्यांनी त्याच्याबरोबर शिमग्याला सोंगं नाचवली होती ते त्याच्या बरगड्यांत पाय घालत होते. मी किंचाळत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

दौलतने रामदासवर अंग टाकलं. रघुचा तिसरा घाव दौलतच्या तळहातातून आरपार गेला. आईने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि जो हाताला लागेल त्याच्या पाठीवर हाणत सुटली. जगदीशचा सदरा पेटला. तेव्हा कुठे ते पांगले. रघु भिंतीशी उभा राहिला, धोटा हातात, सबंध हात रक्ताने माखलेला. तो धापा टाकत होता. त्याचा चेहरा मोकळा झाला असेल असं मला वाटलं होतं, पण तो तसाच आवळलेला होता.

संचारबंदी पुन्हा लागायच्या आत दौलतने रामदासला हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेलं. स्वतःच्या हाताला आईचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं आणि ढकलताना त्यातून रक्त गाडीच्या दांड्यावर उतरत होतं. मी बाजूने चालत होते. डोळा वाचला नाही. उरलेल्याला अपाय नको म्हणून डॉक्टरांनी दोन्ही डोळे बांधून ठेवले.

दोन-तीन दिवस चाळीत कुणाला झोप नव्हती. शिपायाला मारलं म्हणून पोलिस येणार, खोल्याखोल्यांतून पुरुषांना ओढून काढणार, हे सगळे धरून चालले होते. कुणी आलं नाही. रामदासने जबाब दिला होता की रस्त्यात दगड लागला, कोणी मारला ते दिसलं नाही.

ते कळलं तेव्हा मी आणि दौलत त्याला भेटायला गेलो. तोंड सुजलेलं, डोक्यापासून नाकापर्यंत पट्ट्या. मी सरळ विचारलं, कारण मला राहवेना. गोळी झाडलीस का?

"मी भायखळ्याक होतंय, तुरुंगाच्या दारार," तो म्हणाला. जबडा हलत नव्हता, शब्द ओठांतून गळत होते. "सगळे दिवस थयच. हातात दांडो सोडून काय नाय."

"मग रडलास कित्याक?" मी ओरडलेच. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. मला संताप आला होता. हा रडला नसता, तर चार घास खाऊन सुखरूप घरी गेला असता.

"ती बाई," रामदास म्हणाला. "ती झिलाक हात लावणा नाय. हात लावल्यार कळतला म्हणान. माका तां सोसला नाय." मग म्हणाला, "दौलत, फुडे काय झाला?"

दौलत खाटेच्या पायाशी उभा होता. त्याने बांधलेला हात छातीशी धरला होता. तो म्हणाला, "नाय सांगणंय. ती गोष्ट आता माका नको."

"माझो डोळो गेलो तिच्यापायी. माका कळाक होया."

मी त्याला सांग म्हटलं. दौलत खाली बसला, तोंड रामदासच्या कानाशी नेलं आणि त्याने शेवट सांगितला. मला ऐकू आला. बाई ताटासमोर बसली आणि काळोखात म्हणाली, "जेव, झिला. कोण तां सांगू नको. तुझां जेवाण होयपर्यंत माझे दोघवय जित्ते आसत."

रामदास पट्टीखाली रडत होता का, ते दिसण्यासारखं नव्हतं. त्याने हाताने चाचपून दौलतचा सदरा धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

रामदास तुरुंगाच्या दारावर होता, हे दौलतने रघुला जाऊन सांगितलं. जबाबाचंही सांगितलं. रघु खोटं म्हणाला. पोलिसाचा शब्द, म्हणाला. पण त्याने कामावर जाणं सोडलं आणि कठड्याच्या त्या दोन लाकडांसमोर तो दिवसचे दिवस बसायला लागला. खानावळीत आला की आई त्याला वाढायची नाही. ताटच मांडायची नाही. शेवटी एका दुपारी तिने डबा भरला, पेज आणि मऊ भात, आणि तो रघुच्या पुढ्यात आपटला.

"ह्यो रामदासाक देवन् ये. तवसर तुका हंय शीत मिळाचा नाय."

मला वाटलं तो डबा लाथाडेल. त्याने उचलला. दौलत आणि मी त्याच्या मागे गेलो, कारण तो काय करेल याचा भरवसा नव्हता. रस्त्यात अजून काचा होत्या आणि जळलेल्या टायरांच्या तारा पायांत येत होत्या.

वॉर्डात आम्ही दारातच थांबलो. रघु खाटेजवळ गेला आणि उभा राहिला. रामदासने कुणीतरी आल्याचं ऐकलं. दौलत आहे का, म्हणून त्याने विचारलं. रघु खाटेच्या कडेला बसला. त्याने डबा उघडला, वास सुटला, आणि रामदासने ओळखलं की खानावळीतून आलंय. रघुने भात कालवला. ज्या हाताने धोटा चालवला त्याच हाताने त्याने घास उचलला आणि त्या सुजलेल्या तोंडापाशी नेला. काही शितं उशीवर पडली. रामदासने घास घेतला. हळूहळू चघळला, गिळला. मग त्याचा हात वर आला, घास भरवणाऱ्याच्या मनगटापर्यंत आला, पण त्याने ते धरलं नाही. हात त्याने परत चादरीवर ठेवला.

"कोण तां सांगू नको," तो म्हणाला. "भरव."

रघुने सगळा भात भरवला. पेज पाजली. त्याचं तोंड सदऱ्याच्या टोकाने पुसलं. डबा बंद करून तो आमच्या अंगावरूनच बाहेर गेला आणि जिन्याच्या अर्ध्यावर थांबला.

"तो तसां कित्याक म्हणालो?" त्याने दौलतला विचारलं. "कोण तां सांगू नको म्हणून?"

"शेवट आसा तो. त्या दिसाच्या गोष्टीचो."

"काय शेवट?"

दौलतने सांगितला. आवाज न चढवता, हातवारे न करता, दातांच्या फटीतून वारा सोडत, त्या बाईचं एवढंच बोलणं. रघु ऐकत होता. दोन मुलगे, दोन ताटं, आणि जेवण होईपर्यंतची मुदत. त्याने कठडा धरला. मग तो पायरीवर बसला आणि त्याच्या छातीतून असा आवाज निघाला की वरून नर्स धावत आली. वसंताऽ, वसंताऽ म्हणून तो ओरडत होता आणि पायरीवर मुठी आपटत होता. बोटांची सालं निघाली तरी थांबेना. नर्स रागावली, मग तीही तिथेच उभी राहिली.

दौलत त्याच्याजवळ बसला. बऱ्या हाताने त्याचं डोकं ओढून स्वतःच्या छातीशी धरलं. माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती.

"गप रे, रघू," तो म्हणाला. "गप. गोष्ट आसा ती. नुसती गोष्ट."

"माका म्हायत आसा," रघु म्हणाला, आणि रडत राहिला.